दोनदा वजा केलेली धूळ

मी तापट आहे. विद्यार्थी मला टरकून असतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. दिल्लीत इतकी वर्षं शिकवताना हिंदीत झापायची कला मी चांगली कमावली होती. मराठीत झापायला मात्र एकच मुलगी होती. परभणीकडच्या एका छोट्या गावातली. तिच्या खोलीतल्या बाकी तिघी कलेक्टर व्हायच्या तयारीत होत्या आणि ही माझ्याकडे ताऱ्यांची तापमानं काढत बसायची.

आमचे तारे म्हणजे ज्यांच्यात धातू जवळजवळ नाहीत असे. आमच्या धंद्यात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला सरसकट धातू म्हणतात. विश्वात लोखंड फारसं तयारही झालं नव्हतं, त्या काळातले हे म्हातारे तारे. त्यांच्यात काय किती आहे ते शोधायचं तर आधी तापमान लागतं. ते चुकलं की पुढचं सगळं मुसळ केरात.

तापमानाकडे जायचे दोन रस्ते. पहिला रंगाचा. तारा जितका निळसर तितका गरम. पण वाटेतल्या धुळीमुळे तो आहे त्यापेक्षा लाल दिसतो, म्हणून तेवढी लाली आधी वजा करायची. मयूर विहारमधल्या आमच्या बाल्कनीतून नोव्हेंबरातला सूर्य ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. दुसरा रस्ता लोखंडाचा. ताऱ्याच्या प्रकाशाच्या पट्ट्यात लोखंडाच्या काळ्या रेषा असतात. तापमान बरोबर धरलं तर त्या सगळ्या लोखंडाचं प्रमाण एकच सांगतात, चुकीचं धरलं तर प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला.

मुलीचा पहिला शोधनिबंध सोमवारी पाठवायचा होता. बारा तारे, तीन वर्षांची मेहनत. फक्त तिच्या लाडक्या ताऱ्याच्या दोन तापमानांत फार मोठा फरक येत होता. रंगावरून आलेलं, रेषांवरून आलेल्यापेक्षा तीनशे अंशांनी जास्त होतं.

"अगं, असल्या ताऱ्यांत रेषांवरचं तापमान थोडं कमीच येतं. सगळ्यांनाच येतं. पाठव आता, चलो," मी म्हटलं होतं. ती "हो मॅडम" म्हणाली होती.

रविवारी यजमान पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन पानिपतला काला अंबचं स्मारक दाखवायला गेले होते. मी स्वयंपाकघरात होते. बेल वाजली. दारात ही, तोंडावर मास्क, पाठीवर लॅपटॉप.

"मॅडम, तुम्ही रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवते. बस."

जेवणाच्या टेबलावर तिने एक आलेख उघडला. बाराही ताऱ्यांच्या दोन तापमानांतला फरक, आणि कोणाच्या वाटेत किती धूळ.

"वाटेत धूळ कमी आहे त्यांचा फरक थोडाच आहे, तुम्ही म्हणता तेवढा. पण धूळ वाढते तसा फरक वाढत जातो. सरळ रेषेत. माझ्या ताऱ्याच्या वाटेत सगळ्यांत जास्त धूळ आहे."

"मग धूळ वजा करताना तू कमी केली असशील."

"कमी केली असती तर तारा लाल राहिला असता, मॅडम. रंगावरचं तापमान कमी आलं असतं. आपलं जास्त येतंय." तिने बॅगेतून वही काढली. "मला वाटतं, दोनदा वजा झालीय. मी एकदाच केली. वही आणलीय."

"म्हणजे मी केली?"

तिने नुसती वही माझ्याकडे सरकवली.

मला राग आला. तीन वर्षांत फार शहाणी झालीस, असं काहीतरी मी बोलले. ते अजून बोचतं. मग तणतणत जुना संगणक उघडला. मुलांना रंगांचे तक्ते देताना मी ते आधी साफसूफ करून देते, मेथी निवडून द्यावी तसे. त्यांचा वेळ वाचावा म्हणून. या तक्त्यातली धूळ मीच काढली होती आणि कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. नोंदी ठेवत नाही म्हणून मुलांना रडवणारी मी! दोन बायकांनी एकाच आमटीत आपापलं मीठ घालावं तसं झालं होतं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून सहजी निघत नाही. ती रडायला लागली आणि मीही.

मला लाज वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त अभिमान वाटला. तिच्या वयाची असताना माझ्या सरांच्या एका आकड्यावर मलाही शंका आली होती. मी "हो सर" म्हणून तो तसाच छापू दिला. तो अजून तसाच आहे.

आम्ही संध्याकाळपर्यंत बसून सगळं पुन्हा केलं. तीनशेचा फरक सव्वाशेवर आला. उरलेला नेहमीचा, तो तिने न लपवता तसाच लिहिला. तापमान खाली आलं तसं लोखंडाचं प्रमाणही घसरलं. तिचा तारा वाटला होता त्याहून धातूंनी गरीब, म्हणजे बहुधा आणखी म्हातारा निघाला, आणि आमच्या धंद्यात यासारखी श्रीमंती नाही. निबंध तीन आठवडे उशिरा गेला.

त्याआधी गटाच्या बैठकीत तिने हे सगळं मांडलं. धुळीच्या मुद्द्यावर आली तेव्हा खाली बघत म्हणाली, "वो हमारी तरफ़ से दो बार घट गया था।"

मी उभी राहिले. "इसकी तरफ़ से नहीं। मैंने घटाया था, और लिखा नहीं। इसने पकड़ा।"

मग मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला आणि चाचरत विचारलं, मॅम, मला दिलेल्या तक्त्याची, साफ करण्याआधीची मूळ प्रत मिळेल का? त्याच्यामागून आणखी दोघांनी विचारलं. माझ्याकडे इतक्या वर्षांत कोणी मूळ प्रत मागितली नव्हती. मी तिघांनाही तिथेच बसून पाठवल्या, आणि पहिल्यांदा वर पाहिलं तेव्हा ती मुलगी माझ्याकडेच बघत होती, जराही न घाबरता.