सुलेमानचाचांचा चुकलेला अंदाज

जबल अलीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो तेव्हा मोबाइल वाजला. आमच्या खोलीतला अन्वर होता. "सुलेमानचाचा गेले रे. काल दुपारी, गावी. हार्ट," इतकंच म्हणाला आणि त्याचं कार्ड संपलं. बसमध्ये सगळे पेंगत होते. त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहायचं धाडस करायला दीड महिना लागला... मला हायसं वाटलं. अर्धं मिनिट असेल, पण वाटलं. माझी एक गोष्ट त्यांना ठाऊक असावी असा मला संशय होता, आणि आता ते कुणाला काही सांगणार नव्हते. दुःख आलं ते नंतर, शारजाची गोदामं दिसायला लागल्यावर.

सुलेमानचाचा मूळचे रत्नागिरीकडचे. शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या कंपनीचं ट्रकच्या सुट्या भागांचं गोदाम आहे, तिथे ते बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. गेल्या वर्षी मी क्लार्क म्हणून आलो, तेव्हा गोदामामागच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये त्यांच्याच खोलीत मला खाट मिळाली. मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं छापायचे. आमच्या घरी वह्या विकत आणत नसत. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली आणि उलट्या बाजूवरचा मजकूर वाचत मोठा झालो. अन्याय दिसला की कागद लिहायचा आणि लोक जिथे उभे राहतात तिथे चिकटवायचा, हे मला पोहण्यासारखं लहानपणीच आलेलं. चाचांनी पहिल्याच दिवशी माझी बॅग पाहिली. कपडे थोडे, पत्रकांचे गठ्ठे जास्त. म्हणाले, "कॉम्रेड, हे वाच हवं तेवढं. लिहू नको. हा मुलूख आपला नाही." तेव्हापासून माझं नाव कॉम्रेड पडलं ते पडलंच.

यंदाच्या जानेवारीत अमेरिकेतल्या विरोधी पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची शर्यत सुरू झाली, एकेका राज्यात मतदान घेत. आमच्या मेसमध्ये ती कुणी पाहिली नसती, पण चाचा पाहायचे. त्यांनी मेसच्या भिंतीवर एक जुना फळा टांगला होता. दर शुक्रवारी जेवणं झाली की ते त्यावर उमेदवारांची नावं उतरंडीने लिहायचे; कोण वर चढला, कोण घसरला, आणि का. खरी नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती म्हणून त्यांनी टोपणनावं दिली होती. भाषण ठोकून सभा पेटवणारा तो 'मास्तर', जपून शब्द टाकणारा तो 'मुनीम'. पोरं चहाची पैज लावायला बघायची, तर चाचा फडकं उगारायचे. "जुगार हराम. अंदाज हलाल!"

डिसेंबरपासून टीव्हीवर मास्तरचीच हवा होती. चाचांनी मात्र पहिल्या शुक्रवारपासून मुनीम वर लिहिला. त्यांची रीत वेगळी होती. ते म्हणायचे, पहिली पसंती माणूस ओरडून सांगतो, तिला विचारू नये, दुसरी विचारावी. "आपल्या मेसचंच बघ. मल्याळी म्हणतो मासे, पंजाबी म्हणतो चिकन, आपण म्हणतो सुक्या जवळ्याची चटणी. आणि शुक्रवारी शिजतं काय? दालगोश्त. कुणाचंच पहिलं नाही, पण ताटावरून कुणी उठतही नाही. मुनीम म्हणजे दालगोश्त." पहिल्याच राज्याचा निकाल लागला, बर्फातलं कुठलंसं छोटं राज्य, आणि मुनीम पुढे निघाला. मास्तर तिसऱ्यावर फेकला गेला. मेसमध्ये शिट्ट्या झाल्या. अन्वरने चाचांच्या गळ्यात टॉवेलचा हार घातला.

मी मास्तरचा होतो, हे सांगायला नकोच. तो एकटा इराकच्या युद्धाविरुद्ध सुरुवातीपासून बोलत होता. मुनीमने युद्धाच्या बाजूने हात वर केला होता आणि आता वारा बघून तोंड फिरवलं होतं. फेब्रुवारीत दर आठवड्याला नवं राज्य यायचं आणि दर आठवड्याला मुनीम जिंकायचा. मी भर मेसमध्ये म्हणालो, "चाचा, तुम्हाला लाज वाटत नाही? असल्या माणसाला वर लिहिता?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "माझा पोरगा इरफान कुवेतहून इराकात टँकर नेतो. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर मास्तर पाहिजे."

"मला बरोबर असलेला नको रे बाबा, मला जिंकणारा पाहिजे. हरलेल्या मास्तराची सही कुठल्या हुकमावर चालते, सांग."

सगळे हसले. आणि उत्तर न सुचलेला पत्रकवाला काय करतो? कागद घेतो.

मार्चमध्ये एकाच दिवशी बरीच राज्यं मुनीमच्या झोळीत पडली आणि शर्यत संपल्यातच जमा झाली. त्या शुक्रवारी सकाळी, सगळे मशिदीत किंवा कपडे धुण्यात असताना, मी हिंदीत एक पत्रक लिहून फळ्याच्या मधोमध चिकटवलं. मथळा होता 'मुनीम का मुनीम'. स्टोअरकीपरसाहेब युद्धाचे दलाल कसे झालेत, पोटच्या पोराच्या काळजीपोटी तत्त्व कसं विकलं, वगैरे. पोटच्या पोराचं मी लिहिलं. आज ती ओळ आठवली की... असो. आणि हात सुरात आला म्हणून शेवटी आणखी एक ओळ लिहिली : ही कंपनीसुद्धा अमेरिकन लष्कराच्या ठेकेदारांना माल पुरवून युद्धावरच जगते. ते खरं होतं. इचलकरंजीत असलं पत्रक लागलं तर फार तर मालकाचा माणूस ते फाडतो. मी तेवढाच विचार केला होता.

जेवायच्या आधीच कॅम्प बॉसने ते पाहिलं. तासाभरात कंपनीचा पीआरओ, व्हिसाची कामं बघणारा अरब, आला, सोबत त्याला हिंदी कागद वाचून दाखवणारा एक ड्रायव्हर. आम्हा चाळीस जणांना मेसमध्ये रांगेत उभं केलं. "किसने लिखा?" पीआरओ म्हणाला, कुणी सांगितलं नाही तर सबका व्हिसा खलास. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझी जीभ हलली नाही. पत्रकांमधून मी वाचलं होतं की भीती हे मालकाचं पहिलं हत्यार... काय काय वाचलं होतं मी! चाचा पहिल्या रांगेतून पुढे झाले. त्यांनी कागद हातात घेतला, सगळा वाचला, इरफानची ओळही वाचली असणार. मग घडी घालून परत दिला.

"बोर्ड मेरा है," ते म्हणाले. "तो कागज भी मेरा."

कुणाचाही विश्वास बसला नाही, पीआरओचाही नाही. स्वतःलाच शिव्या कोण लिहितो? पण त्याला नाव हवं होतं, ते मिळालं. आठवड्याच्या आत चाचांचा व्हिसा रद्द झाला. बावीस वर्षं एका खोक्यात मावली. ते खोकं दोरीने बांधायला मीच बसलो. त्यांनी गाठीवर बोट धरलं, मी दोरी आवळली. खोलीत आम्ही दोघंच.

"कॉम्रेड, काही सांगायचंय?"

"नाही चाचा. पोचलात की फोन करा."

"घरचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग तूच कर," म्हणाले.

मी केला नाही. एप्रिल गेला, मे गेला. दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला कारण सापडायचं : लाइन लागणार नाही, ते झोपले असतील, पुढच्या पगाराला करू. जुलैत अन्वरचा तो फोन आला.

गेल्या शुक्रवारी दुपारी मी रत्नागिरीचा नंबर फिरवला. हलिमाचाचींनी उचलला. मी कोण ते सांगितलं, आणि मग थांबलो तर पुन्हा जमणार नाही म्हणून एका दमात बोललो. पत्रक माझं होतं. इरफानबद्दलचंही मीच लिहिलं. चाचांची नोकरी माझ्यामुळे गेली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे, बाळा. आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तुझं अक्षर ओळखत होते."

"मग नाव का नाही घेतलं माझं?"

"मीपण तेच विचारलं. भांडले मी. म्हणाले, तो स्वतः सांगेल. थोडा वेळ घेईल, पण पोरगा तत्त्वाचा आहे. माझा अंदाज चुकत नाही." चाची सांगत राहिल्या. "दर शुक्रवारी जेवले की पडवीत फोनजवळच्या बाकावर बसायचे. इरफान कुवेतहून सकाळीच बोलून घ्यायचा, तरी बसायचे. नातवंडांना फोनला हात लावू द्यायचे नाहीत. लाइन बिझी लागेल म्हणून."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आता... तिथे कोण बसतं?"

"कोण बसणार?" चाची म्हणाल्या. "तुझ्याशी पण उभ्यानंच बोलतेय."