चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

जपानात निशी-कसाई नावाच्या वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका पितळावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. हे धातुशास्त्रज्ञ, इथल्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, लसूणही न खाणारे, घरात डास शिरला तर त्याला खिडकी उघडून वाट दाखवणारे. आणि नाद कसला, तर रायफलनं कागदावर नेम धरायचा! जपानात रायफलचा परवाना म्हणजे काय विचारू नका. वर्षानुवर्षं चौकशा चालतात. एकदा दोन पोलीस आमच्या दारात येऊन वाकून नमस्कार करून विचारते झाले, "वरचे आजोबा रागावतात का हो?" मी म्हटलं, "रागावतात, पण फक्त पुंगळ्यांवर." बायकोनं मला चिमटा काढला. पोलिसानं ते शांतपणे वहीत लिहून घेतलं.

खोटं काही सांगितलं नव्हतं. बार उडाला की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जग फेकून देतं. काका गुडघ्यांवर रांगत ती गोळा करतात, घरी आणतात आणि पुन्हा भरतात. अंड्याला न शिवणारा हा माणूस आमच्याकडून अंड्यांचे रिकामे ट्रे मागून नेई. कुठली पुंगळी कितव्यांदा उडाली त्याप्रमाणे एकेका ट्रेवर चिठ्ठी. "अरे, दर बाराला तिचं तोंड कडक होतं," ते मला जिन्यात अडवून सांगत. "एक कडक, एक मऊ, की गोळीवरची पकड बदलली. पकड बदलली की वेग बदलला, आणि गोळी गेली बोंबलत!" म्हणून तोंडं तापवून पुन्हा मऊ करायची. हा उत्साह इतका, की आमच्या सासूबाईंचा पितळी तांब्या त्यांनी टिचकी मारून पाहिला, "फार कडक झालाय" म्हणून वर नेला, आणि परत आला तो असा मऊ की सासूबाईंचा अंगठा त्यात कायमचा उमटला. सासूबाई पुण्याला जाईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

नेम चुकला की दोष अर्थातच पितळाचा. अलीकडे तो जास्तच चुकू लागला होता. काकांच्या हातात कपबशी खुळखुळायची, तर ते म्हणत, "ही बशीच वाकडी आहे." यंदा परवाना नव्यानं करायचा होता. त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यातल्या नेमबाजीच्या स्पर्धेत पाच बार एका उमेबोशीएवढ्या जागेत बसले नाहीत, तर रायफल परत करून टाकीन." उमेबोशी म्हणजे इथलं खारवलेलं आंबट फळ, लिंबाहून लहान. महिनाभर त्यांनी पुंगळ्या मोजल्या, तापवल्या, निवडल्या.

आणि गौरी आल्या. काकूंनी समई, निरांजन, घंटा घासायला चिंच भिजवली, आणि तेवढ्यात ट्रेमधलं काळवंडलेलं पितळही दिसलं. बिचारीनं सगळ्या पुंगळ्या लख्ख घासून एका परातीत वाळत घातल्या! काका किंचाळले, "अगं, पितळातलं जस्त खाल्लं चिंचेनं! आणि आता कितव्या बाराची कुठली, कसं कळायचं?" काकू दोन दिवस रडवेल्या होत्या.

स्पर्धेला मी सोबत गेलो. त्या सरमिसळ पुंगळ्यांचे पाच बार कागदभर पांगले. मी म्हटलं, "काका, चिंच!" स्पर्धा संपल्यावर त्यांनी परवानगी घेऊन दुकानातली नवीकोरी पाच काडतुसं उडवली. मी दुर्बिणीतून पाहिलं. तीही तशीच पांगली होती. परतीच्या गाडीत चिबा स्टेशन येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत बसले.

दारात काकू उभ्याच होत्या. "माझ्यामुळेच गेलं ना हो?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला खरीखुरी, घरपोच सबब मिळाली होती. मी मनात म्हणत होतो, काका, घाला खापर चिंचेवर, एवढं एकदा घालाच.

"नाही गं," काका बूट काढत म्हणाले. "पितळ चांगलं होतं. हात हलतो माझा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी रायफल परत केली. आता ते जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.