धक्क्यावरचा माणूस

पंधरामाडच्या सोनूबाई शिवलकरची गोष्ट सांगायची तर मध्ये मीही येतो, आणि तिथे माझी बाजू काही चांगली दिसत नाही. तरी सांगतो.

चौऱ्याऐंशी साली मी रत्नागिरीत व्हिडिओ सेंटर चालवत होतो. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, वीस खुर्च्या, आणि अंगात बी.ए.ला इंग्रजी घेतल्याची मिजास. मुंबईहून मारामारीच्या कॅसेटचं गाठोडं यायचं, त्यात एकदा चुकून एक जपानी कॅसेट आली. कुठल्याशा बंदरातल्या मच्छीमारांची गोष्ट. मी ती परतच पाठवणार होतो, पण होड्या, जाळी आणि धक्का बघून किनाऱ्यावरच्या बायका दुपारच्या खेळाला यायला लागल्या.

कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. चेहरे पेजेत कालवल्यासारखे. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची ती पांढरी. मागे समुद्राचा फेस आला की ती त्यातच विरघळायची, आणि दुसरी ओळ तर टीव्हीच्या चौकटीखाली कापलेलीच. मी स्टुलावर बसून वाचायचो आणि मोठ्याने मराठीत सांगायचो. दिसेल तेवढं वाचायचो, उरलेलं पदरचं घालायचो. बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मला वाटायचं, काय तो मी!

सोनूबाई मासे विकायची. तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने बांगड्याचा कल्ला उचलून बघितला तर त्याच्या सात पिढ्या काढायची. तिचा एकुलता एक मुलगा बाबू बोटीवर खलाशी होता. एक्याऐंशी साली कंपनीचं पत्र आलं की जपानच्या जवळ वादळात तो पाण्यात पडला, शोध लागला नाही. तिने ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि आढ्याला खोचून ठेवलं. "मढं नाय, तर पोर मेला कसा?" एवढंच ती म्हणायची. बोट सोडून परमुलखात राहिलेल्या खलाशांच्या गोष्टी किनाऱ्यावर घरोघर होत्या. बाबूही तिकडेच कुठेतरी राहिला आहे, असं तिने धरून ठेवलं होतं. सून मालन तेव्हा एकवीस वर्षांची होती.

एका दुपारी दोघी जपानी पिक्चरला आल्या. मध्यावर एक माणूस खांद्यावर दोरखंड टाकून धक्क्यावरून चालत येतो, वळतो, काहीतरी बोलतो आणि जातो. सगळा दहा सेकंदांचा मामला. सोनूबाई ताडकन उठली.

"बाळा, मागं घे! ह्यो माजा बाबू!"

मालन हळूच म्हणाली, "आई, तो जपानी हाय."

"तोंड दिसतंय तुला? चाल बघ त्याची!"

तोंड कोणालाच दिसत नव्हतं. मी तीनदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा सोनूबाईने विचारलं, "काय बोलला तो?"

पांढऱ्या फेसावर पांढरी अक्षरं. एक शब्द लागेल तर शपथ. पण खोलीभर बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "म्हणतोय, हंगाम सरला की मी घरी जाणार."

अर्धी दया होती आणि अर्धा तोरा. 'दिसत नाही' म्हणायला जीभ उचलली नाही. सोनूबाई खाली बसली आणि पिक्चर संपेपर्यंत हलली नाही. पुढे दर महिन्याला ती यायची, माझ्यासाठी सुरमईचं शेपूट आणायची, आणि तेवढा तुकडा बघून जायची. ते शेपूट मी खात होतो.

पंच्याऐंशीच्या पावसानंतर मालन एकटी आली. तिच्या भावाने तिच्यासाठी नाटे गावच्या केरूचं स्थळ आणलं होतं. बायको वारलेला, स्वतःची होडी असलेला, शांत माणूस. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, कोणी नावं ठेवत नाही. पण बाबूचे दिवसच घातले नव्हते, तर मालन विधवा कशी?

"आई म्हणतात, जित्या माणसाच्या बायकोला पाट कसा लावायचा?" ती म्हणाली. "बाळाभाऊ, साफ कॅसेट मिळंल काय? एकदा तोंड दिसलं की त्यांचं त्याच समजतील."

मुंबईला कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. चेहरा साफ दिसला तर अक्षरंही दिसणार होती. माल संपलाय, माणूस गावी गेलाय, अशी दीड वर्षं मी तिला टोलवली. एवढा हलकटपणा मी जन्मात दुसरा केला नसेल. पुढे ती विचारायचीच थांबली, बाजारात दिसली तर नुसती बघायची. ते मात्र सोसवेना, तेव्हा मी पत्र टाकलं.

सत्त्याऐंशीच्या गणपतीनंतर अस्सल कॅसेट आली. मी दोघींना बोलावलं आणि दार लावलं. दोरखंडाचे पीळ मोजावेत इतकं चित्र स्वच्छ. तो माणूस वळला तसं मी चित्र थांबवलं. पन्नाशीचा, पुढचे दोन दात नाहीत, हनुवटीवर व्रण. सोनूबाई टीव्हीच्या पुढ्यात उकिडवी बसली होती.

"नाय," ती म्हणाली. "ह्यो माजा नाय." मग म्हणाली, "बोलतोय काय ता वाच."

अक्षरं पिवळी होती, काळ्या कडांची. "ही दोरी कुजली आहे. दुसरी आण."

"फुडं?"

"पुढे काही नाही."

"आणि घरी जायाचं?"

"ते मी माझ्या मनाचं सांगितलं होतं, सोनूबाय."

अर्ध्या रत्नागिरीला शिव्या घातलेली बाई. मला एकही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती मालनकडे वळली. "पोरी, तुजी तीन वर्सं मी खाल्ली गो," म्हणाली आणि तिच्या हाताला धरून उठली.

आठ दिवसांत दर्भाचा पुतळा करून त्यांनी बाबूचे दिवस घातले. मालनच्या हिरव्या बांगड्या फुटल्या. तेरावं झाल्यावर तिचा भाऊ नाटे गावी केरूकडे गेला. केरूने वैशाखातच दुसरीशी लग्न केलं होतं. दीड वर्ष थांबला होता बिचारा, त्याला काय बोल लावायचा?

त्यानंतर सोनूबाईच्या पायांनी काम सोडलं आणि टोपली मालनच्या डोक्यावर आली. वर्षभराने एकदा धीर करून मी तिच्या टोपलीपुढे उभा राहिलो. "मालन, माझं चुकलं," म्हणालो.

ती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळाभाऊ, त्या दिवशी 'दिसत नाय' एवढंच म्हणायचं होतं." आणि मागे उभ्या असलेल्या बाईला तिने किती बांगडे हवेत ते विचारलं.