शेजारची सीट

माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही सीट उसवल्या होत्या. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये एकट्या माणसाला शनिवार फार मोठा वाटतो, म्हणून मी वाकडी सुई आणि जाड दोरा आणून मोठ्या थाटात पार्किंगमध्येच शेजारची सीट शिवायला बसलो. मुलगी बऱ्याच महिन्यांनी हायडेलबर्गहून येणार होती. स्टेशनपासून घरापर्यंत ती शेजारी बसून गप्पा मारेल, एवढीच माझी आशा होती.

वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाई बाल्कनीतून ओरडल्या, "अहो, तुमची स्वतःची सीट जास्त फाटलीय की!"

"आमच्याकडे आधी पाहुण्यांना वाढतात!" मी सुई उंचावून कमरेत वाकलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी स्टेशनबाहेर मुलगी पावसात भिजून गाडीपाशी आली. पुढचं दार उघडून तिने नव्या शिवणीवरून हात फिरवला.

"झूपर, पापा!" पुढचंही ती जर्मनमध्येच म्हणाली, "पण मी ओलीचिंब आहे, डाग पडेल." आणि चक्क मागे जाऊन बसली.

मी आरसा सारखा केला. "मॅडम, कुठे सोडू?"

तिच्या कानात इअरफोन होते, तिला ऐकूच गेलं नाही. मग तिच्या वतीने मीच "घरी" म्हणालो आणि गाडी सुरू केली.