हळद, राख आणि आतेसासूबाई

माझ्या मुलीचं ढुंगण लाल झालं तेव्हा घरात चार शहाणी माणसं होती. सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि पेडण्याहून खास बाळासाठी आलेल्या आतेसासूबाई. पाचवी मी. माझी गणती शहाण्यांत होत नसे, आणि पुढं मी जे केलं ते पाहता ते बरोबरच होतं.

बाळंतपण इब्रामपूरला माहेरी झालं. चौथ्या महिन्यात मुलीला घेऊन मी डिचोलीला सासरी आले. घर अगदी रस्त्याला लागून. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. खिडकीच्या गजांवर, तुळशीवर, मेजावर, सगळीकडे तांबडी धूळ. सासूबाई ती दिवसातून तीनदा पुसायच्या आणि तिच्याविषयी कधी एक शब्द बोलायच्या नाहीत. लंगोट पुढच्या अंगणातच वाळायचे, कारण तिथं ऊन होतं.

आल्यावर आठवड्याभरातच पुरळ उठलं. आधी बारीक लाली, मग जांघेत कच्ची कातडी. लंगोट सोडला की पोर किंचाळायची.

आतेसासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला. "उष्णता आहे. आईच्या दुधातून उतरली."

म्हणजे गुन्हेगार मी. माझं तिखट बंद, मासळी बंद, सोलकढीसुद्धा बंद. पेज आणि दुधी भोपळा. बाईंना चार मुलं झाली होती, पण चारही मोलकरणींच्या कडेवर वाढली हे पेडण्यात सगळ्यांना ठाऊक. आपण लंगोट धुतल्याची एकही आठवण त्या कधी सांगत नसत. औषधं मात्र जिभेच्या टोकावर.

पहिल्यांदा खोबरेलात हळद. पोर पिवळी झाली, लंगोट पिवळे झाले, पाळण्यातलं दुपटं पिवळं झालं. पुरळ जिथल्या तिथं. मग कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवायचं, तेही मला चटका बसेल इतकं गरम. मग वासाची पावडर, डबा उपडा करून. ती घामानं भिजली, जांघेत तिच्या गोळ्या झाल्या आणि जखमेवर घासू लागल्या. वरून ओल लागू नये म्हणून दोन लंगोट, त्यावर रबरी कापड. मुलीला आम्ही जणू पार्सल करून पाठवणार होतो.

तेव्हा गोव्याची राजभाषा कुठली व्हावी याचा वाद पेटला होता. सासरे मराठीच्या बाजूचे, नवरा कोकणीच्या. संध्याकाळी कचेरीतून आला की दोघं सोप्यावर समोरासमोर बसायचे. मुलांनी कुठल्या भाषेत शिकावं, कुठल्या भाषेत विचार करावा, यावर तासतासभर. भांडण दोघंही कोकणीतूनच करायचे. आत पोर रडून रडून निळी व्हायची, तेव्हा सासरे हात वर करून ओरडायचे, "अरे, त्या पोरीला मागीलदारी घेऊन जा कुणीतरी! इथं काही ऐकू येत नाही!" आणि पुन्हा येणाऱ्या पिढीच्या भवितव्याकडे वळायचे. येणारी पिढी माझ्या खांद्यावर होती, उघडी आणि सोललेली.

एकदा मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, डॉक्टरला दाखवूया."

"आत्या आहे ना घरात," तो म्हणाला. "तिचं मन दुखवू नको."

आत्याचं मन फार नाजूक. पोरीच्या कातडीहूनही.

मग आली राख. शेणीची, वस्त्रगाळ केलेली. "ओल शोषून घेते," आतेसासूबाई म्हणाल्या. त्या घरात शुद्ध मराठीच बोलायच्या. दूध उतू गेलं की मात्र त्यांची जीभ सरळ कोकणीवर यायची. ती राख लावली कुणी? मी. पोर हात झाडत होती, मान आपटत होती, आणि मी तिचे पाय धरून कच्च्या कातडीवर राख भुरभुरवत होते. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी फोड आले. इतर चौघांविषयी मला जे वाटतं ते मी लपवत नाही, मग स्वतःला तरी का वगळू?

त्या दिवशी मी कुणाला न विचारता लुगडं बदललं आणि पोरीला घेऊन डॉक्टरकडे निघाले. फाटकापाशीच सासऱ्यांनी अडवलं. राजभाषेच्या आंदोलनापायी झाडं आडवी टाकून रस्ते बंद केले होते, दवाखानाही बंद आहे म्हणाले. मी परत फिरले, पण घरात गेले नाही. मागच्या बाजूला गेले.

मागच्या खोलीत आमची भाडेकरीण राहायची. दोडामार्गापलीकडची, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. घरात तिला 'ट्रकवाल्याची बायको' म्हणत आणि तिनं मागच्या पायरीच्या पुढं यायचं नाही असा न बोललेला नियम होता. तिनं तीन मुलं स्वतःच्या हातानं वाढवली होती. पोरीला पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"ह्या काय लावलास गे बाय? राख?"

मी पोरीला तिच्या हातात दिलं.

तिनं कोमट पाणी घेतलं, नुसतं पाणी, आणि हळूहळू ओतत सगळं धुऊन काढलं. मऊ फडक्यानं टिपलं, चोळलं नाही. "लंगोट बांधू नको. उघडा सोड तेका, वारो लागांदे." फोड बसल्यावर लावायला तिनं भिरंडेलाचा छोटा गोळा दिला. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल तिच्या सासूनं काढलेलं. "अगदी पातळ लाव. थापू नको." मग पुढच्या दोरीवरचा एक लंगोट मला आणायला लावला आणि माझ्यासमोर बाल्दीत बुडवला. पाणी तांबडं झालं. धुतलेला, वाळलेला लंगोट होता तो.

"माती बांधतंस तू पोराक," ती म्हणाली.

ट्रक बंद होते ते दिवस मुलगी तिच्या दारातल्या गोधडीवर उघडी लोळली. लंगोट मी तीन पाण्यांतून काढून तिच्या वळचणीला वाळवले. तिसऱ्या दिवशी फोड सुकले. रस्ते खुले झाल्यावर मी डॉक्टरकडे गेलेच. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "चाललंय तेच चालू ठेवा. कोरडं ठेवा. राख कुणी सांगितली?" मी खरं सांगितलं, सांगणाऱ्या माणसाचं नातंसुद्धा.

घरी आतेसासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "राखेला दोन दिवस लागतातच. गुण आलाच ना?" नवऱ्यानं मान डोलावली. सासूबाई धूळ पुसत राहिल्या.

मी गप्प बसले. पण मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला, पंगत बसलेली असताना, पेडण्याहून आलेल्या आतेसासूबाई एका नव्या बाळंतिणीला तेच सांगू लागल्या. वस्त्रगाळ कशी करायची तेही. ती बिचारी लक्ष देऊन ऐकत होती. मी वाढता वाढता थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "राखेनं माझ्या मुलीला फोड आले होते. बरं केलं ते मागच्या खोलीतल्या बाईनं. हवं तर जाऊन विचारा, ती आत्ता घरी आहे."

आतेसासूबाईंचा घास हातातच राहिला. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी दोन्ही भाषांचा एकदमच अपमान केला. बाळंतीण मात्र जेवण आटोपून मागच्या पायरीकडे गेली.

आतेसासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पेडण्याला गेल्या. आमच्याकडे पुन्हा मुक्कामाला त्या कधीच आल्या नाहीत. मला दुसरं मूल झालं तेव्हा त्यांनी टपालानं एक चांदीचा खुळखुळा पाठवला, सोबत औषधाची एकही चिठ्ठी नव्हती.