उत्तर न दिलेला मुद्दा

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत भांडखोर माणसं पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यांतलाच एक. पण स्वतःच्याच विरुद्ध इतकं झकास भांडून स्वतःच हरणारा माणूस दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच निघाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. व्याह्याला अहो-जाहो करायचं असतं, तोंडावर मी करतोही. कागदावर मात्र माझा मी मालक आहे, तेव्हा इथं तो 'तो'च राहील. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

हा माणूस साताऱ्याला हायस्कुलात मास्तर होता. बायको गेल्यावर चार दिवस हवापालट म्हणून तो मुलीकडं, म्हणजे माझ्या सुनेकडं, इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात आला आणि राहिलाच. व्याही मुलीच्या घरी मुक्काम टाकतो म्हटल्यावर गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. मी म्हटलं, राहू दे. मुलगा फौजेत, सुट्टीपुरता घरी. बोलायला एक माणूस झाला. पण हा बोलायला बसला की समोरच्यानं फक्त बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात त्यानं आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये रविवारचा वर्ग काढला. नववीतली पाच-सहा पोरं, त्यांत माझी आणि त्याचीही नात श्रावणी. शिकवायचं काय, तर वादविवाद. व्यासपीठावर हात वर करून घसा फोडायचा असतो तो नव्हे. यात वर्षभर एकच विषय घ्यायचा, सरकारनं अमुक करावं की करू नये असा. दोघांनी 'करा' म्हणायचं, दोघांनी 'करू नका' म्हणायचं, घड्याळ लावून, आणि परीक्षकाला पटवायचं. याच्या जिल्ह्याला स्पर्धा होतात, ढाल मिळते.

पहिल्या दिवशी त्यानं पोरांना बसवलं आणि विषय दिला: गावचा आठवडी बाजार रविवारचा गुरुवारी करावा. एक पोरगं उठून म्हणालं, "रविवारच बरा सर, आमच्यात पयल्यापासून तसंच हाय." व्याही म्हणाला, "ही तक्रार झाली बाळ, मुद्दा नव्हे. मुद्द्याला चुलीसारखे तीन दगड लागतात. काय म्हणायचंय, का म्हणायचंय, आणि कशावरून म्हणायचंय. दोन दगडांवर पातेलं ठेवशील तर कालवण विस्तवात." मी शेडच्या दाराशी शेळ्यांना पाला टाकत होतो. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आवं पावणं, मी सांगतोय म्हणल्यावर आनी कशावरून इचारायचं कारण काय?" तो पोरांकडं वळून म्हणाला, "हे पाहुणे म्हणजे एका दगडाची चूल." पोरं हसली. आमची नात सगळ्यांत जास्त हसली.

त्याचा सगळ्यांत वाईट नियम म्हणजे नाणेफेक. नाणं पोरं ढापतात म्हणून तो चष्म्याचं घर उडवायचा. फाटकी बाजू वर आली तर तू 'करा' म्हणायचं, धड बाजू आली तर 'करू नका'. दुपारी परत उडवायचं, आणि सकाळी ज्याच्या विरुद्ध घसा ताणला त्याच्याच बाजूनं बोलायचं. मी उभ्या जन्मात एकदा बोललेला शब्द फिरवला नाही. भावकीतल्या एकाशी अबोला धरला तो त्याच्या तेराव्यापर्यंत धरला. आणि हा माणूस माझ्या शेडमध्ये, माझ्या नातीला, जेवणाच्या आधी एक आणि जेवणानंतर दुसरं बोलायला शिकवत होता. मी म्हटलं, "म्हंजी पोरीला स्वतःचं मत नसावं व्हय?" तो म्हणाला, "असावं की. पण दोन्हीकडून चालून आल्यावर असावं. एकाच बाजूनं घर बघितलं तर परसदारी काय पडलंय ते कळत नाही." आमच्या परसात त्याचंच धोतर वाळत पडलं होतं, ते मी त्याला दाखवलं.

दुसरा नियम फाळक्याचा. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी झडपेवर, म्हणजे फाळक्यावर, तो खडूनं उभे पट्टे ओढायचा. एका पट्ट्यात एकाचा मुद्दा, शेजारच्या पट्ट्यात त्याला दुसऱ्याचं उत्तर, मग उत्तराला उत्तर. ज्या मुद्द्यासमोरची जागा रिकामी राहील तो मुद्दा समोरच्यानं मान्य केला असं धरायचं. "गप्प राहिलात, की कबूल केलंत," असं तो पोरांच्या डोक्यात खिळा मारावा तसं मारायचा. हा कायदा शेडमध्ये राहिला असता तर माझी हरकत नव्हती. पण रात्रीच्या जेवणाला बसला की म्हणायचा, "आमटीत मीठ कमी आहे असं मी सकाळी म्हणालो होतो. कुणी उत्तर दिलं नाही. म्हणजे मान्य." सून म्हणायची, "नाना, मी तवा धारा काढत हुते." त्यावर म्हणायचा, "वेळेत उत्तर देणं हा स्पर्धकाचा प्रश्न आहे." एकदा मी त्याचा सोलापुरी टॉवेल म्हशीला पुसायला घेतला. त्यानं विचारलं, मी बोललो नाही. आठवडाभर घरात माझ्यावर तो टॉवेल मान्य झालेला होता.

आणि तिसरा नियम, ज्यानं माझा घात केला. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि त्याला स्वतःलाही जमलं नसतं इतकं चांगलं मांडायचं. ते उभं करून दाखवायचं, मगच पाडायचं. "दुबळ्या पैलवानाला चीत करून कुणी फेटा बांधत नाही," असं त्याचं म्हणणं. हे बोलताना त्याचे डोळे असे चमकायचे की मलासुद्धा वाटायचं, माणूस खुळा आहे, पण खरा आहे.

तर आमच्या गावाला गायरान आहे. म्हणजे होतं. ओढ्यापलीकडचा माळ, मध्ये बाभळी, कडेला जुनी विहीर. शेत पोराच्या नावावर करून दिल्यावर माझं म्हणून जे उरलं होतं ते शेळ्या, आणि शेळ्यांचं म्हणून जे होतं ते ते गायरान. वस्तीवरच्या ज्यांना गुंठाभर रान नाही त्यांच्याही शेळ्या तिथंच. शेतीला दिवसा लाइट मिळावी म्हणून त्या माळावर सरकारी सौर प्रकल्प आणायचा, काचेच्या पाट्या बसवायच्या, कुंपण घालायचं, असा ठराव ग्रामसभेपुढं आला. मी विरोधात. पण मी उभा राहिलो की भाषण होत नाही, मारामारी होते, हे गावाला ठाऊक आणि मलाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या कॉटवर जाऊन बसलो आणि म्हटलं, "पावणं, माझ्या शेळ्यांच्या बाजूनं तुमी बोला."

माणूस इतका हरखला की त्याला चहाचीही आठवण राहिली नाही. आठ दिवस फाळक्यावर दुसरं काही नव्हतं, फक्त माझं गायरान. आदल्या दिवशी श्रावणी म्हणाली, "नाना, तिथं आधी आपलं सांगा, मग त्यांचं. लोक काय परीक्षक न्हाईत." तो म्हणाला, "क्रम उलटा केला की ती वकिली होते, बाळ." पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, बोलू दे, शिकलेला माणूस आहे.

देवळासमोर सभा भरली. व्याही इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला, हातातलं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि सुरू झाला. काय बोलला म्हणून सांगू. शेतीची लाइट रात्रीच येते, ती कशी असते ते बोलला. दोन वाजता लाइट आल्याचा फोन वाजतो, बाई उठून नवऱ्याला बॅटरी देते आणि तो उसात शिरल्यावर पुन्हा झोपत नाही, ते बोलला. पायाखाली सळसळलं तर ते पाचट की जनावर, हे कळायच्या आधीचा क्षण कसा असतो ते बोलला. जन्मात कधी उसाला पाणी पाजलं नव्हतं त्यानं. माझ्याच मागं बांधावरून हिंडून सगळं विचारून घेतलं होतं. आणि दिवसा लाइट मिळाली तर हीच माणसं संध्याकाळी पोरांबरोबर जेवतील, असं म्हणून तो थांबला, पाण्याचा घोट घ्यायला. माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "व्हय की गड्या, लय खरं बोलतंय मास्तर." आणि टाळ्या सुरू झाल्या.

तरणा सरपंच उठला. म्हणाला, "गुरुजींसारखा मानूस सांगतोय म्हनल्यावर इषयच संपला. कोन कोन राजी हाय, हात वर करा." व्याही एक बोट वर करून म्हणतोय, "अहो थांबा, हा त्यांचा पक्ष झाला, माझं म्हणणं अजून यायचंय." सरपंच म्हणाला, "गुरुजी, च्या आलाय, घ्या." सगळ्या गावाचे हात वर होते. त्या हातांच्या रानात त्याचं एक बोट वर होतं, तेही लोकांनी होकारातच मोजलं असणार. ज्यांच्या शेळ्या जाणार होत्या त्यांतलेसुद्धा दोन हात मी बघितले. मी कुठल्याही हाताला आजवर माफ केलेलं नाही.

घरी येऊन मी विचारलं, "कुनाच्या बाजूनं बोललासा?"

"दोन्ही."

"दुसरी कुनी ऐकली?"

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "अर्धं ऐकून उठणाऱ्या माणसाला कुठलीच बाजू कळत नाही, पाहुणे."

म्हटलं, "ही समजूत माज्या शेळ्यास्नी घाला. त्या हितंच बांधल्यात."

सकाळी तो पिशवी घेऊन रहिमतपूरला भावाकडं निघून गेला. सून दाराशी रडली. मी कुणाला जा म्हणत नाही आणि जाणाऱ्याला धरत नाही. कुंपण पडलं, शेळ्या बाजारात गेल्या. आता त्या माळावर निळ्या काचा पसरल्यात आणि सकाळी ऊन पडलं की ओढ्याच्या अलीकडं उभं राहूनसुद्धा डोळे दिपतात. दिवसा लाइट आली. पोराच्या उसाला मी सकाळी दहाला मोटार चालू करतो, पण ते मी कुणाला सांगत नाही.

वर्ग मात्र बंद पडला नाही. रविवारी श्रावणी फोन फाळक्याला टेकवून ठेवायची, आणि शेडमध्ये तो आवाज परत घुमायचा: "ही तक्रार झाली बाळ." मी त्या वेळी शेताकडं जायचो. कधी कधी उशिरा जायचो.

मग सांगलीची जिल्ह्याची स्पर्धा आली. विषय त्या वर्षी काय असावा, तर गावांच्या गायरानावर सौर प्रकल्प उभारावेत. मी येणार नाही म्हटलं. सून म्हणाली, "आबा, पोरगी काय म्हनंल? चला गुमान." गेलो. नाणं उडालं आणि आमच्या पोरीच्या वाट्याला आलं, 'उभारावेत'. मी मागच्या खुर्चीवर हात बांधून बसलो.

ती उभी राहिली, घड्याळ पुढ्यात ठेवलं, आणि म्हणाली की आधी मी समोरच्यांचं म्हणणं सांगते. मला वाटलं शेळ्यांचा पाला आणि दूध सांगेल. तेही सांगितलं. पण मग ती म्हणाली, एक म्हातारा माणूस धरा. त्याचं शेत पोरांचं झालंय, घर सुनेचं झालंय. दुपारी त्याला जायला एक जागा आहे, गायरान. तिथं विहिरीच्या कठड्यावर त्याच्यासारखे आणखी दोघं येतात. ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, शेळ्यांशी बोलतात. कुंपण पडल्यावर तो माणूस दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि दर थोड्या वेळानं उठून गोठ्यात डोकावतो. गोठा रिकामा आहे हे त्याला माहीत असतं. या दुपारची भरपाई कुठल्या योजनेत लिहिलेली नाही, असं ती म्हणाली. माझं म्हणणं असं उभं केलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला स्वतःलाही ते इतकं माहीत नव्हतं. मग तिनं घड्याळाकडं बघितलं आणि पान उलटलं. आता ती हे पाडणार, हे मला कळलं. मी उठलो आणि बाहेर आलो.

बाहेर पायरीवर व्याही बसला होता, रुमालात शेंगा घेऊन. शिकवणाऱ्याचं तोंड दिसलं की पोरं मुद्दे बदलतात म्हणून तो कधीच आत बसत नाही, हे मी विसरलो होतो. वाळला होता. सदरा तोच, इस्त्री नव्हती. त्यानं सरकून जागा केली. मी बसलो, कारण उभं राहून गुडघे दुखतात.

"तुमचं मांडलं का तिनं नीट?" त्यानं विचारलं.

"मांडलं."

"आणि मग?"

"मग मी उठलो. फुडचं ऐकायचं न्हवतं मला."

त्यानं एक शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे गावानं केलं तेच केलंत, पाहुणे."

आतून टाळ्या आल्या. कशाच्या, ते दोघांनाही कळलं नाही. निकाल मला सुनेनं नंतर सांगितला, तो मी इथं लिहीत नाही. त्या पायरीवर त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर होतं, चांगली दोन-तीन उत्तरं होती. मी दाणे खात राहिलो. त्याची कॉट अजून ओसरीवर आहे. ये म्हणून निरोप मी धाडलेला नाही आणि धाडणारही नाही. पण त्या दुपारी तो जे बोलला त्याला मी उत्तर दिलं नाही, आणि त्याचा अर्थ त्याच्या फाळक्यावर काय होतो, हे त्याला कुणी सांगायला नको.