दांडीवाली गिटार

बँडमध्ये चार वर्षं काढली की गाणी कमी आणि किस्से जास्त पाठ होतात. आमच्याकडचे निम्मे किस्से माझ्या गिटारचे, आणि ते मला सोडून सगळ्यांना आवडतात!

आधी एवढंच सांगतो. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीला, एक दांडी आहे. ती दाबली की सगळ्या तारा ढिल्या पडून सूर खाली जातो आणि सोडली की परत जागेवर येतो. म्हणजे यायला हवा. माझा येत नाही. आणि ती दांडी तर माझा जीव की प्राण!

* * *

दर रविवारी सकाळी जुळे सोलापुरात वेणूच्या फ्लॅटवर आमची प्रॅक्टिस. वेणू गायक, त्यामुळे बँडचा मालक. दर गाण्यानंतर मी दहा मिनिटं ट्यूनिंग करायचो. एकदा खालचे वॉचमनमामा वर आले.

"सायेब, ती बारकी तार अजून उतरल्याली हाय. गेटपातुर कळतंय की!"

ट्यूनर लावून पाहिला. खरंच उतरली होती!

* * *

मग नव्या तारा आणल्या. एवढ्या चांगल्या तारा कापून टाकायला जीव होईना, म्हणून अख्खी लांबी खुंटीवर गुंडाळली. वेणूचे वडील, अण्णा, यंत्रमागांचे जॉबर होते; बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी चष्मा वर केला.

"प्रसाद, तार बसवलीस का कांडी भरलीस?"

मागाच्या कांडीवर सूत भरावं तसे बारा वेढे! दांडी दाबली की सगळे सैल. अण्णांनी दोन-तीन वेढे ठेवले आणि बाकीची तार माझ्यादेखत पकडीने कापली. मला बघवलं नाही.

* * *

आमचा ड्रमर सचिन चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर असतो. तो म्हणाला, "तार अडकती म्हंजे ग्रीस पायजे. लई सोप्पं हाय!"

त्याने कारखान्यातलं ग्रीस असं फासलं की एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात माझी बोटं कुठेच थांबेनात. अख्खं गाणं घसरत वाजवलं. एक काका येऊन म्हणाले, "वा! हवाईयन गिटार किती वर्षं शिकलात?"

वेणू मात्र हसला नाही. "दसऱ्याला कॉलनीचा कार्यक्रम आहे. तिथं गिटार उतरली तर पुढच्या रविवारपासून कीबोर्डवाला येईल. सॉरी."

मी घाबरलो. आठवडाभर ऑफिसात फायली सरकवतो, त्या याच एका रविवारच्या जोरावर.

* * *

शेवटी गिटार अण्णांपुढेच ठेवली. त्यांनी मला खुंटी हळूहळू पिळायला लावली आणि गिटारच्या मानेला कान लावला. टिक!

"हितं अडकतंय."

खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांतून जातात, तिथे. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक खाचेत शिसं घासलं. "आणि सूर नेहमी खालून वर आणायचा. वर गेला तर परत खाली ये, मग चढव."

दांडी दाबून सोडली. पाच तारा जागेवर आल्या! सहावी नाही आली.

"ठेवून जा," अण्णा म्हणाले.

* * *

खंडेनवमीला गेलो तर अण्णांच्या घरी हत्यारांची पूजा मांडलेली. पाने, पकडी, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा एक जुना लाकडी धोटा, त्याचं टोक नुकतंच कापलेलं. आणि मधोमध माझी गिटार, हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून! मी ट्यूनर काढला तर अण्णांनी हात धरला.

"पूजेतलं हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही."

दसऱ्याला संध्याकाळी गिटार हातात पडली ती थेट स्टेजमागे. ट्यूनर लावला, सहाही तारा बरोबर. गाणं सुरू झालं, माझा सोलो आला, मी दांडी दाबली.

हलेना! जोर लावला, तरी हलेना!

गिटारच्या पाठीचं झाकण मी कधी लावतच नाही. तिथे बोट घातलं, तर दांडीबरोबर हलणाऱ्या ब्रिजच्या ठोकळ्यामागे गुळगुळीत लाकडाची पाचर गच्च बसवलेली. ते लाकूड कशाचं, हे लगेच कळलं. पण समोर अख्खी कॉलनी! मग मी डोळे मिटले, मान डोलावली आणि ती न हलणारी दांडी जीव तोडून हलवत राहिलो. सूर शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

वेणूने स्टेजवरच मिठी मारली. "अण्णा, बघितलंत? एकदाही उतरली नाही! कीबोर्डवाला कॅन्सल!"

पहिल्या रांगेत बसलेले अण्णा शांतपणे म्हणाले, "दांडी कशी वापरायची ते आत्ता कुठं कळलंय त्याला!"